पाऊण वाजताचं वजन

हवेवर उभ्या राहणाऱ्या गाडीचा कोपरा खाली बसला, तर हवा गळतेय. ह्याच्यापलीकडे त्यात काही नसतं, असं सुग्रीव कुणालाही ठणकावून सांगायचा. पुण्यातल्या एका मोठ्या वर्कशॉपात नऊ वर्षं त्यानं हेच काम केलं होतं. असल्या महागड्या गाड्यांना लोखंडी स्प्रिंगा नसतात. चार चाकांवर रबराचे चार फुगे, त्यांत हवा भरणारा एक कंप्रेसर आणि कुठला कोपरा किती उंच ठेवायचा ते ठरवणारा एक कॉम्प्युटर. फुगा चिरला, नळी सैल झाली, की त्या बाजूनं गाडी बसकण मारते. साबणाचं पाणी मारायचं, बुडबुडे कुठं येतात ते बघायचं, भाग बदलायचा आणि हात धुवायचे.

म्हणूनच तालुक्याचे पुढारी आप्पाराव यांची गाडी पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा दारात आली तेव्हा त्याचं डोकं सटकलं. मांजरसुंब्याहून लिंबागणेशला जाताना रस्त्याच्या कडेला, एका कडुलिंबाखाली त्याचं पत्र्याचं शेड होतं. आसपासच्या चार तालुक्यांत असल्या गाडीला हात घालणारा तो एकटाच, आणि त्याचा त्याला बराच तोराही होता. पहिल्या खेपेला त्यानं डाव्या बाजूचा मागचा फुगा बदलला. दुसऱ्या खेपेला कंप्रेसर जळालेला निघाला, तोही बदलला. दोन्ही खेपेला तो छातीवर हात ठेवून म्हणाला होता, आता दोन वर्षं बघायचं काम नाही.

सकाळचे नऊ वाजले होते. गाडी चारी पायांवर सरळ उभी होती, आणि तिच्यासमोर आप्पाराव कमरेवर हात ठेवून उभे होते.

"आता सरळच दिसती," ते म्हणाले. "दुपारी बघ. रोज दुपारी कुल्ला टेकती. मंगळवारी सभेला पाचशे माणसासमोर लंगडी झाली बे. लोकांनी व्हिडिओ काढून गावोगाव फिरवला."

"साहेब, गळती बारीक असली की..."

"गळती-बिळती मला सांगू नको. कुणीतरी करायलंय. आन ह्या गाडीला माझ्याबिगर हात कुणाचा लागतो? ह्याचा." त्यांनी न बघताच बोट मागं केलं.

मागं हनुमान उभा होता. आप्पारावांचा ड्रायव्हर, आणि सुग्रीवच्या बायकोचा, धनश्रीचा, एकुलता एक भाऊ. सहा वर्षं तो ही नोकरी करत होता. आज त्याच्या शर्टाची वरची दोन बटणं तुटलेली होती आणि त्याचा फोन त्याच्याकडं नव्हता. तो बंकटच्या खिशात होता. बंकट म्हणजे आप्पारावांचा खास माणूस. गेल्या वर्षी त्यानं आणखी एकाला असंच बाजूला नेऊन दोन प्रश्न विचारले होते. तो माणूस अजून काठी टेकत चालतो.

"चार वाजता बीडात आपली मिरवणूक हाय," आप्पाराव म्हणाले. "ही गाडी सगळ्यात पुढं. दोन वाजता मी येतो. गाडी सरळ दिसली तर ठीक. न्हाई दिसली तर बंकट ह्याला घिऊन जाईल, आन कुणाच्या सांगण्यावरून केलंस ते इचारील. तुजा मेव्हणा हाय म्हणून आधी तुला सांगायलोय."

असं बोलून ते दुसऱ्या गाडीकडं निघाले. जाता जाता त्यांनी आपली पिशवी काढायला मागचं दार उघडलं, ते उजवीकडचं. सुग्रीवला नवल वाटलं. आप्पाराव गाडीत कायम मागं डावीकडं बसतात, हे सगळ्या तालुक्याला पाठ होतं.

"साहेब, तुमी इकडं कव्हापासून बसाय लागलात?"

"तिकडून ऊन येतं," आप्पाराव तुटकपणे म्हणाले, आणि गेले. काचांना रात्रीसारखी काळी फिल्म होती. ऊन येणार कुठून?

बंकटनं प्लास्टिकची खुर्ची रस्त्याकडच्या तोंडाशी ओढली आणि तो पाय पसरून बसला. हनुमान शेडच्या खांबाला टेकून उभा राहिला. सुग्रीवनं त्याच्याकडं बघायचं टाळलं. त्याला मेव्हण्याचा राग आला होता, आणि त्याच्यासाठी भीतीही वाटत होती. आपण नीट काम केलं असतं तर हे पोरगं असं चोरासारखं उभं राहिलं नसतं, हे त्याला आतून टोचत होतं.

त्यानं कामाला सुरुवात केली. चारी फुग्यांवर, प्रत्येक जोडावर, प्रत्येक नळीवर साबणाचं पाणी मारलं. एक बुडबुडा नाही. मग त्यानं गाडी रिकामी केली. पायपुसणी, जॅक, जादा चाक, बॅनरची भेंडोळी, शालींचा खोका, सगळं बाहेर. टेप घेऊन चारी चाकांवरची उंची मोजली. सुताचाही फरक नव्हता. दारं लावली, चावी खिशात टाकली आणि तो कडुलिंबाखाली येऊन बसला.

चैत्राचं ऊन होतं. रस्त्यावरून परळीच्या वीज केंद्रातल्या राखेचे ट्रक जात होते आणि त्यांच्यामागं करडा धुरळा बराच वेळ तसाच तरंगत राहायचा. उन्हानं फुग्यातली हवा तापणार, तापली की फुगणार, म्हणजे दुपारी गाडी झालीच तर केसभर वर यायला पाहिजे. खाली कशी जाते? त्याला हे कोडं आवडलं नाही. कोड्यांचा त्याला एरवीही तिटकाराच होता.

बाराच्या सुमाराला धनश्रीचा फोन आला.

"अहो, हनुमानचा फोन लागंना. बंकट हाय म्हणं तिथं?"

"काम चालू हाय. तू जेवलीस का?"

"मला कशाचं जेवण जातंय. आरोहीला खाऊ घातलं, ती बाजेवर पडलीय. तुमी एक करा, त्याला संगं घिऊनच घरी या. एकटे येऊ नका."

"बरं," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

बारा चाळीसला हनुमान हळूच त्याच्याजवळ येऊन उकिडवा बसला.

"दाजी, आता बघा. पाऊण वाजता."

सुग्रीवनं डावा मागचा कोपरा डोळ्यांत धरला. गळणारा कोपरा कसा खाली येतो हे त्यानं हजारदा पाहिलं होतं. तासाभरात, दिसेल न दिसेल असा, पिठाची गोणी उसवल्यासारखा.

हा तसा आला नाही. बरोबर पाऊण वाजता गाडी त्या बाजूनं एकदम तीन बोटं दबली. क्षणभर थांबली. मग आणखी बोटभर दबली, थोडी डुलली आणि स्थिर झाली.

एखादं माणूस आधी सीटच्या कडेला टेकतं आणि मग मागं सरकून बसतं, तेव्हा गाडी अशीच हलते. सुग्रीवला ते बघताक्षणी कळलं, आणि कळलं म्हणूनच त्याला संताप आला.

तो उठला आणि स्कॅनर जोडून फुग्यातला दाब बघायला लागला. एकदा बघितला, मशीन बंद करून पुन्हा चालू केलं आणि परत बघितला. हवा गळाली असती तर दाब कमी व्हायला पाहिजे होता. दाब वाढला होता. म्हणजे फुग्यातून काहीच बाहेर गेलं नव्हतं. फुग्यावर काहीतरी आलं होतं.

"इकडं ये," तो हनुमानला म्हणाला. "मागं उजवीकडं बस."

हनुमान उजवीकडं बसला तसा तो कोपरा पाच बोटं खाली गेला. हनुमान बहात्तर किलोचा. सुग्रीवनं मनातल्या मनात हिशेब केला. डावीकडं जे होतं ते पंचावन्न-साठ किलोचं होतं. त्यानं हनुमानला ओढूनच बाहेर काढलं.

मग त्यानं डावीकडचं दार उघडलं.

सीट रिकामी होती. चामडं ताणलेलं, साफ, एक सुरकुती नाही. बंद गाडीतली कढत हवा त्याच्या तोंडावर आली. त्यानं उजव्या सीटवर तळहात ठेवला, तो पोळला. डाव्या सीटवर ठेवला, तर ती गार होती. एसीचा गारवा नव्हे. झाडाखालच्या मातीला असतो तेवढाच गारवा.

त्यानं हात काढून घेतला, पँटला पुसला आणि दार लावलं. गाडी तशीच दबलेली राहिली.

"काय झालं बे? सापडलं का?" बंकटनं खुर्चीतूनच विचारलं.

"सापडंल. बस तू."

हनुमानला त्यानं शेडच्या आतल्या अंगाला नेलं आणि दंड धरून विचारलं, "खरं सांग. काय केलंत तुमी लोकांनी? कुणाला उडवलं का कुठं?"

"आईची आन, दाजी. मुंगीबी न्हाई मेली माज्या हातानं."

"मग?"

हनुमान रस्त्याकडं बघत, ओठ न हलवता बोलल्यासारखं बोलायला लागला. "साहेबाची सवय तुमाला ठावं हाय. कुणीबी भेटलं की काच खाली करायची आन म्हणायचं, आपलीच गाडी हाय, कव्हाबी बसा. म्हातारं असो, मेंढरं राखणारं असो, सगळ्याला त्येच. पंधरा दिवसाखाली कपिलधारच्या फाट्यावर गेलतो. भर दुपार. एका बाभळीखाली एकजण उभं होतं. साहेबानं काच खाली केली, हात जोडले आन म्हणले, आपलीच गाडी हाय, कव्हाबी बसा."

"मग?"

"लोक हसतात, हात जोडतात. ह्येनं इचारलं, कव्हाबी? लई शांत इचारलं. साहेब म्हणले, कव्हाबी. आन काच वर केली. मी गाडी काढली."

"कोण होतं? बाई का बाप्या?"

"त्येच आठवत न्हाई. डोक्याला काहीतरी गुंडाळलेलं होतं, पदर का पटका, कुणास ठाऊक. रोज आठवायला बसतो. आवाज आठवतो, तोंड आठवत न्हाई. घड्याळात पाऊण वाजला होता. दुसऱ्या दिवसापासून हे सुरू. पाऊण वाजता बसतंय, दिवेलागणीला उतरतंय. साहेबाला समजलंय दाजी. कुणापाशी बोलत न्हाईत, पण त्या सीटवर बसायचं त्यांनी सोडलं."

सुग्रीवनं ऐकून घेतलं. त्यानं विश्वास ठेवला असं नाही, अविश्वास दाखवायलाही त्याच्याकडं वेळ नव्हता. एक वाजून गेला होता. वजन होतं, हे मशीन सांगत होतं. कशाचं होतं ते शोधून काढलं, तरी आप्पारावांना सांगता येणार नव्हतं. कंप्रेसर का जळाला तेही त्याला आता समजलं. रोजचं हे जादाचं ओझं उचलून उचलून तो बिचारा मेला होता.

आणि मग त्यानं ते केलं, जे पुण्याच्या वर्कशॉपात केलं असतं तर त्याला त्याच दिवशी हाकललं असतं. इंजिन चालू करून त्यानं कोपरा पूर्ण वर घेतला. वजनासकट. गाडी सरळ झाली, तशी त्या फुग्याच्या नळीच्या तोंडात त्यानं एक नट पक्का आवळून बसवला. आता त्यात हवा येणारही नव्हती आणि जाणारही नव्हती. इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबला. टेप लावला. चारी बाजू सुताला सूत.

जोवर आत बसलंय तोवर गाडी सरळ राहणार. उठून गेलं की मात्र तो कोपरा चार बोटं उचलणार.

"आइक," तो हनुमानला म्हणाला. "दिवेलागणीला हा नट जरा ढिला करायचा, हवा सोडायची. तवर मिरवणूक उरकती. उद्याचं उद्या बघू."

काढलेल्या जुन्या नळीचा एक तुकडा त्यानं पकडीनं कचाकच चावला, उंदरानं कुरतडल्यासारखा. तो बरा जमला. मग अवजारं गोळा करताना तो एकटाच गाडीच्या डाव्या दारापाशी आला, आणि सकाळपासून पोटात दाबून ठेवलेलं सगळं एकदम वर आलं. मेव्हण्याची तुटलेली बटणं, धनश्रीचा आवाज, आप्पारावांचं ते बोट.

काळ्या काचेत त्याला स्वतःचंच घामेजलेलं तोंड दिसत होतं. तो त्या काचेला म्हणाला, "गरिबाच्या पोराच्या जिवावर उठून काय मिळतंय तुला? बसायचंच हाय ना? मग चल माज्या घरी. आमच्याकडं असली सीट न्हाई, पण बाज हाय. निवांत बस, चहा पी. पण ह्याला सोड."

घरी चला, चहा घ्या, हे आपल्याकडं माणूस उठता बसता म्हणतं. दारापुढून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही म्हणतं. येतंय कोण?

गाडी हलली नाही. पत्र्यावर उन्हाचा कट असा आवाज झाला, तेवढाच.

दोन वाजता आप्पाराव आले. गाडीभोवती एक फेरी मारून त्यांनी डाव्या मागच्या चाकापाशी पाय थांबवले. पाऊण वाजून सव्वा तास झाला तरी गाडी सरळ होती. सुग्रीवनं चावलेली नळी पुढं केली.

"उंदीर, साहेब. रातच्याला गाडी गोठ्याशेजारी उभी ऱ्हाती ना. माणसाचं काम न्हाई हे."

आप्पारावांनी नळीकडं बघितलं नाही. ते काचेकडं बघत होते. "उंदीर," ते म्हणाले. त्यांना ते पटलं नव्हतं आणि ते पटवून घ्यायची त्यांची तयारी होती, हे दोन्ही त्यांच्या तोंडावर दिसत होतं. "बंकट, त्याचा फोन दे त्याला."

ते पुढच्या सीटवर बसले. लोकांना दिसायला पाहिजे, म्हणाले. हनुमाननं गाडी चालू करताना सुग्रीवकडं बघून नुसती मान हलवली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. गाडी वळणाआड गेली तेव्हा सुग्रीव नळावर कोपरापर्यंत हात धूत होता, त्यामुळं त्यानं ती जाताना पाहिली नाही.

फार दिवसांनी त्याला इतकं मोकळं वाटलं. तासाभरानं शेड बंद करून त्यानं मोटारसायकल काढली. घर चार किलोमीटरवर. पहिल्या गतिरोधकावर मागचं मडगार्ड टायरला घासलं, खर्रकन. दुसऱ्यावरही घासलं. धनश्री मागं बसली की घासायचं तसं. टायरात हवा कमी असेल, असं त्यानं मनाशी म्हटलं. चढावर गाडी जरा दमली. ऊन असूनही त्याची पाठ तेवढी गार लागत होती. घाम वाळत असेल.

दारात गाडी उभी करून त्यानं मागच्या टायरवर अंगठा दाबला. टायर दगडासारखा कडक होता.

धनश्री उंबऱ्यात आली. "एकटेच आलात? हनुमान कुठंय?"

"सुटला. साहेबासंगं गेलाय मिरवणुकीला. काही झालं न्हाई त्याला, एक बोट लागलं न्हाई."

ती तिथंच चौकटीला धरून उभी राहिली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "थांबा, चहा ठेवते." आणि आत गेली.

तेवढ्यात फोन वाजला. हनुमानचा होता. मागं ताशांचा आवाज येत होता.

"दाजी, एक सांगायचं ऱ्हायलं. डावा कोपरा वर आलाय."

"किती?"

"चार बोटं. शेडमधून निघालो, वळण घेतलं आन आरशात बघतो तर मागची बाजू वर. मी वाटंत थांबून नट ढिला केला, हवा सोडली. आता सरळ हाय, साहेब खूश हायेत. पण दाजी, दिवेलागणीला अजून लई टाइम हाय. एवढ्या लवकर कामून उतरलं असंल?"

सुग्रीव मोटारसायकलीकडं बघत होता. ती स्टँडवर उभी होती, तिच्यावर कुणी नव्हतं, आणि तिच्या मागच्या दोन्ही स्प्रिंगा दबलेल्या होत्या.

"दाजी? हॅलो?"

स्प्रिंगा हळूच सुटल्या. मागची सीट चार बोटं वर आली आणि थोडी हलून थांबली.

त्यानं फोन कानाचा काढला.

अंगणातली धूळ स्थिर होती. कुठं पाऊल उमटलं नाही. उंबऱ्यातून तेवढा एक गारवा आत गेल्यासारखा वाटला. किंवा वाटलंही नसेल.

आत चुलीवर पातेलं ठेवल्याचा आवाज आला. "अहो," धनश्रीनं विचारलं, "घोटभरच का कपभर टाकू?"

तो दारात आला. आत बाजेवर आरोही कुशीवर झोपली होती. चार वर्षांचं लेकरू, तोंड भिंतीकडं. बाजेची नवार तिच्या पाठीमागं हळूच करकरली, कडेला आधी थोडी दबली, मग आत सरकून चांगली खोल दबली.

आरोही झोपेतच त्या खळग्याकडं कलंडली, जवळचं कुणी शेजारी येऊन बसलं की लेकरं कलंडतात तशी.